जुनं सगळं आठवतं, मग स्मरणशक्ती चांगलीच की!

“डॉक्टर, माझ्या मुंजीत कोणी काय आहेर केला ते आईला आठवतं. सकाळची गोळी घेतली की नाही, ते मात्र आठवत नाही. मुद्दाम करते ती!”

असं मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. माझं मत स्पष्ट आहे. हे मुद्दाम नसतं आणि ‘जुनं आठवतंय ना’ म्हणून निर्धास्त राहणं ही आपली मोठी चूक आहे. अशाच एका आजींनी साखरेची गोळी दोनदा घेतली. साखर इतकी उतरली की रात्री त्यांना घामाने निथळत आणावं लागलं.

स्मरणशक्ती ही एकच गोष्ट नाही. मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला समुद्रघोड्याच्या आकाराचा ‘हिप्पोकॅम्पस’ असतो. आज काय घडलं, कोण भेटलं, कोणत्या वाटेने आलो, याची नवी नोंद तो करतो. जुन्या आठवणी काळानुसार मेंदूच्या बाहेरच्या आवरणात पक्क्या होतात. सायकल चालवणं, पोळी लाटणं ही कौशल्यं मात्र लहान मेंदू आणि बेसल गँग्लिया सांभाळतात.

हे आपल्याला कळलं ते मुख्यतः हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णामुळे. १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, फिट्स थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नव्या आठवणी तयार होईनात. बालपण आठवे, पण नुकतीच भेटून गेलेली व्यक्ती आठवत नसे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सफाईदार होत गेला, पण हे आपण आधी केलंय याची त्यांना आठवणच नव्हती! २००८ मध्ये ते वारले, तोवर हीच स्थिती होती.

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग लवकर बाधित होतो. म्हणूनच आधी ‘आज’ पुसला जातो, ‘काल’ बराच काळ टिकतो.

एखादं नाव अडलं आणि नंतर आठवलं, तर घाबरू नका. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, गॅस चालू राहणं असं होऊ लागलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसरणं वाढतं आणि त्यावर उपाय आहेत. तपासणी केल्याशिवाय हे कळणार कसं?

आणि एक विनंती. पाहुण्यांसमोर “ओळखा पाहू मी कोण?” ही परीक्षा घेणं बंद करा. आपणच नाव सांगून समोर बसा. गोळ्यांची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी. वाती वळणं, शेंगा सोलणं, पेटी वाजवणं अशी हातांना येणारी कामं मात्र त्यांच्याकडून काढून घेऊ नका. जे शाबूत आहे ते वापरू द्या आणि जे गेलंय त्याबद्दल रागावू नका. तो त्यांचा स्वभाव नाही, आजार आहे.