मोजणारा बांधावरचा हवा!



निकाल लागला की पोराला, पोरीला घेऊन बाप मुंबईची गाडी धरतो. पर्यावरण अभियांत्रिकी, हवामान धोरण ही नवी नावे कानावर आलेली असतात. अंधेरी-बोरिवलीला उतरावे तर जाहिराती नोकरीचे आणि पॅकेजचे आकडे सांगतात. आमचा सवाल वेगळा आहे. हे शिक्षण कोणाच्या बाजूने हिशेब करायला शिकवते?

सवाल उगाच नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतातल्या भातखाचरांच्या माथी वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन मारला. आधार कसला? परदेशातल्या शेतांवरची मोजणी! १९९१ मध्ये ए. पी. मित्र यांच्या पुढाकाराने आपल्या शास्त्रज्ञांनी इथल्या खाचरांत उतरून मोजले, तेव्हा आकडा ४० लाख टनांच्या आसपास निघाला. मोजणारा बांधावर आला म्हणून शेतकरी आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटला.

पाण्याचेही तसेच. तानसा, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. पाणी भांडुपला शुद्ध होते आणि घाटकोपर-मुलुंडच्या नळाला येते. धरणाच्या तालुक्यातले पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाणी शुद्ध कसे करावे हे कॉलेज शिकवते. ते कोणाचे अडवले, हे कोण शिकवणार?

मग मोठ्या संस्थांकडे पाठ फिरवायची का? मुळीच नाही. पवईच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीचा विभाग आहे. तिथेच ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे 'सितारा' केंद्र १९८५ पासून आहे. त्याचे विद्यार्थी गावात मुक्काम करून शिकतात. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामानबदलाचा पदव्युत्तर अभ्यास होतो. तिथे आपली मुले गेलीच पाहिजेत. पण नुसते यंत्र शिकून धोरण कळत नाही आणि नुसते धोरण घोकून पाणी मोजता येत नाही.

म्हणून फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. विद्यार्थी गावात किती दिवस राहतो? माती-पाण्याचे नमुने स्वतः घेतो का? कायदा आणि अर्थशास्त्र शिकवतात का? मागल्या वर्षीचे प्रकल्प कोणाच्या कामी आले? धड उत्तर मिळाले नाही, तर पैसे कनवटीला ठेवा आणि पुढच्या कॉलेजाची पायरी चढा.

हवामानाचा हिशेब होणारच आहे. तो आपल्यावाचून होऊ द्यायचा नाही.