कुस्कोला एका रात्रीत गुंडाळू नका

लिमाहून निघालेलं विमान सव्वा तासात कुस्कोला उतरतं. समुद्रकिनाऱ्यावरून थेट ३,४०० मीटर उंचीवर. हॉटेलचा जिना चढतानाच धाप लागते, रात्री डोकं ठणकतं. हॉटेलवाले कोकाच्या पानांचा गरम चहा हातात ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून माचू पिचू, तिसऱ्या दिवशी परतीचं विमान. पेरूला जाणाऱ्या अनेक प्रवाशांचा कार्यक्रम असाच आखलेला असतो आणि तो बदलायला हवा.

लेहला जाऊन आलेल्यांना यातली चूक लगेच कळेल. लेहही साधारण याच उंचीवर आहे आणि तिथे पहिले दोन दिवस आराम करा, असं टूरवाले बजावून सांगतात. माचू पिचू मात्र कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटरने खाली, २,४३० मीटरवर आहे. उरुबांबा नदीच्या खोऱ्यातलं ओयान्तायताम्बो २,८०० मीटरच्या आसपास. म्हणून विमानतळावरून आधी खोऱ्यात उतरावं, तिथले इंका शेतमळे आणि गढ्या पाहाव्यात, मग माचू पिचू करावं आणि शरीर सरावल्यावर कुस्कोला मुक्काम टाकावा. माचू पिचूच्या बहुतेक रेल्वेगाड्या ओयान्तायताम्बोहूनच सुटतात, त्यामुळे हा क्रम सोयीचाही आहे.

आता खुद्द शहराविषयी. कुस्को ही इंका साम्राज्याची राजधानी. तिथल्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंती सोन्याच्या पत्र्यांनी मढवलेल्या होत्या. स्पॅनिशांनी १५३३ मध्ये ते सोनं उचकटून नेलं आणि मंदिराच्या जोत्यावर डॉमिनिकन मठ उभारला. १६५० च्या भूकंपात मठ पडला. तो पुन्हा बांधला, तर १९५० च्या भूकंपात पुन्हा त्याची मोठी पडझड झाली. इंकांच्या भिंती मात्र दोन्ही वेळा टिकल्या. चुना-माती न वापरता एकमेकांत घट्ट बसवलेले दगड, आत किंचित झुकलेल्या भिंती, वर निमुळते होत जाणारे दरवाजे. पडझडीनंतर मठाच्या आतली मंदिराची दालनं उघडी पडली आणि ती पुन्हा झाकायची नाहीत असं ठरलं. आज प्रवासी एकाच अंगणात उभा राहून विजेत्यांची कमान आणि पराभूतांची भिंत दोन्ही पाहतो. हे पाहायला तासभर नाही, अख्खी सकाळ द्यावी.

शहराच्या वरच्या अंगाला साक्सायवामान ही गढी आहे. तिथल्या नागमोडी तटाच्या काही शिळा शंभर टनांहून जड असल्याचा अंदाज आहे. १५३६ मध्ये इंका राजा मान्को याच्या सैन्याने स्पॅनिशांच्या ताब्यातल्या शहराला वेढा घातला, तेव्हा या गढीसाठी घनघोर लढाई झाली. पुढे स्पॅनिशांनी तिचेच दगड काढून खाली चर्च आणि वाडे बांधले. जे उरलं, ते हलवता न येण्याइतकं जड होतं म्हणून उरलं. दर २४ जूनला इथे इंती रायमी हा सूर्योत्सव होतो. वसाहतकाळात बंदी आलेला हा सोहळा १९४४ मध्ये पुन्हा सुरू झाला.

माचू पिचूला दिवसाला साधारण साडेचार हजार आणि गर्दीच्या ठरावीक दिवशी ५,६०० माणसांना प्रवेश मिळतो. तिकिटावर वेळ आणि मार्ग छापलेला असतो. स्थळाच्या रक्षणासाठी ही शिस्त आवश्यकच आहे. पण निवांतपणा हवा असेल, तर तो कुस्कोच्या गल्ल्यांतच मिळतो. हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड कुणालाही तिकिटाविना पाहता येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने त्यावर घाव घालून टवके उडवले. ही मोकळीक त्यामुळे आटली, तर फार वाईट होईल.

खरी चिंता मात्र चिंचेरोची आहे. कुस्कोजवळच्या या गावात, सुमारे ३,७०० मीटरवर, नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला जातो आहे. इथेच इंका सम्राट तुपाक इंका युपांकीच्या वाड्याचे अवशेष आहेत आणि इथल्या बायका आजही वनस्पती आणि कोचिनील किड्यांपासून केलेल्या रंगांत लोकर रंगवून कमरेला बांधायच्या मागावर विणतात. कुस्कोला पाणी देणारं पिउराय तळंही याच भागात. इतिहासकार आणि पुरातत्त्वज्ञांनी २०१९ मध्ये या प्रकल्पाला जाहीर विरोध केला. विमानतळामुळे रोजगार येईल, हे स्थानिकांचं म्हणणं खोटं नाही. पण परदेशातून थेट इथे उतरणारा प्रवासी आणखी घाईत असेल आणि कुस्कोत एक रात्रही थांबणार नाही. चिंचेरोच्या विणकरांना हवं आहे ते मुक्कामाला राहणारं, चार दिवस बाजारात फिरणारं, त्यांच्याच हातून कापड विकत घेणारं गिऱ्हाईक. सहली आखणाऱ्या कंपन्यांनी आणि स्वतःचं वेळापत्रक स्वतः बनवणाऱ्यांनी एवढे दिवस आतापासूनच राखून ठेवावेत.