कुत्र्याची जात आणि कुत्र्याचा स्वभाव

कुत्रा विकत घेणारा माणूस दोन गोष्टींचे पैसे मोजत असतो. एक रूपाचे आणि दुसरे स्वभावाचे. लॅब्रडॉर म्हणजे लेकराबाळांत रमणारा, अल्सेशियन म्हणजे राखणीला पक्का, कारवान म्हणजे सशामागे वाऱ्यासारखा धावणारा, ही समीकरणे आपल्या मनात पक्की बसली आहेत. रूपाचे पैसे बहुधा वसूल होतात. स्वभावाची हमी मात्र कोणी देऊ नये, असे शास्त्रज्ञ सांगू लागले आहेत. आणि हा प्रश्न आता केवळ हौशी लोकांपुरता उरलेला नाही. सरकारी हुकूम त्यावर निघू लागले आहेत.

एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कॅथलीन मोरिल, एलिनॉर कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या स्वभावाची माहिती त्यांच्या मालकांकडून घेण्यात आली आणि त्यांपैकी २,००० हून अधिक कुत्र्यांची जनुके तपासण्यात आली. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यापैकी सरासरी अवघा ९ टक्के फरक जातीवरून उलगडतो, असा निष्कर्ष निघाला. सांगितलेले ऐकण्याची वृत्ती जातीशी त्यातल्या त्यात अधिक निगडित आढळली. कुत्रा किती चटकन बिथरतो, हे मात्र जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही. आणि आपल्याला भीती वाटते ती नेमकी याचीच.

याचा अर्थ स्वभाव रक्तातून उतरतच नाही, असा कोणी काढू नये. सोव्हिएत शास्त्रज्ञ द्मित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून नोव्होसिबिर्स्क येथे कोल्ह्यांवर जो प्रयोग चालवला, त्यात प्रत्येक पिढीतील सर्वांत माणसाळू कोल्हे तेवढे पैदाशीसाठी निवडले जात. काही पिढ्यांतच माणूस दिसताच शेपूट हलवणारी पिले जन्मू लागली. तेव्हा स्वभाव उतरतो, यात शंका नाही. परंतु तो उतरावा म्हणून पिढ्यानपिढ्या स्वभाव पाहूनच निवड करावी लागते. आजच्या बहुतेक विलायती जातींचे तसे झाले नाही. १८५९ मध्ये न्यूकॅसलला श्वानप्रदर्शन भरले, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, आणि त्यानंतर पैदाशीचा मुख्य निकष ठरला तो कानांचा, केसांचा आणि बांध्याचा. मेंढरे वळवणारा कुत्रा मेंढरू न पाहताही पदके मिळवू लागला. मग पूर्वजांचा गुण नातवंडांत सापडला तर आनंद मानावा, न सापडला तर तक्रार कोणाकडे करावी?

अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्था या बाबतीत अधिक शहाण्या आहेत. लॅब्रडॉरची पैदास त्या स्वतः करतात, आईबापांची कुंडली त्यांच्यापाशी असते, तरीही प्रत्येक पिलाची वेगळी परीक्षा घेतली जाते आणि त्यात बरीच पिले बाद होतात. शिवाय संस्काराचा भाग निराळाच. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी पाच जातींचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान पिलाला माणसांचा सहवास लाभला की नाही, यावर पुढील बरेच काही ठरते, हे त्यांनी दाखवून दिले.

हे सारे ठाऊक असताना १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास सांगितले. त्या यादीत तोसा ही जपानी जात दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आली होती, यावरून ती किती काळजीपूर्वक तयार झाली असेल याची कल्पना येते! संबंधितांचे म्हणणे ऐकलेच नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते पत्र रद्द ठरवले. इंग्लंडने १९९१ मध्ये चार प्रकारांवर बंदी घातली. २०२३ च्या अखेरीस तेथे पाचव्या प्रकारावर घालावी लागली. हॉलंडने तर चावे कमी होत नाहीत हे पाहून पिट बुलवरील बंदी २००८ मध्ये उठवली.

बंदीच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. थोराड कुत्र्याचा जबडा लहान कुत्र्याहून अधिक इजा करतो, आणि ज्या घरातील मूल जखमी झाले त्या घराला ९ टक्क्यांचा हिशेब ऐकवणे निर्दयपणाचे आहे. पण त्या मुलाचे रक्षण यादीने कसे होणार? यादीबाहेरचा चिडका, दांडगा कुत्रा मोकळाच राहतो, आणि यादीतला गरीब प्राणी रस्त्यावर सोडून दिला जातो. जात हा शब्द आपल्या भाषेने माणसाला आणि कुत्र्याला एकच दिला आहे. जन्मावरून स्वभाव ठरवण्याची सवय आपल्याला कोठून लागली, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही.

कायद्यात आधार आहे. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ते कलम जात विचारीत नाही. नगरपालिकांनी परवाना देताना त्याच धोरणाने चालावे. कुत्र्याने यापूर्वी कोणाला चावा घेतला काय, लस टोचली काय, मालक त्याला साखळीने नेतो काय, याची नोंद ठेवावी. चावऱ्या कुत्र्याला बाहेर नेताना मुसके बांधण्याची सक्ती करावी, मग तो तीस हजारांचा असो की गावठी.