तिरपे आणि तिरपागडे

माणूस धावताना पुढे झुकतो आणि झिंगला की एका बाजूला झुकतो. या दोन झुकण्यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. अक्षरांच्या बाबतीत मात्र भल्याभल्यांना तो कळत नाही, ही माझी तक्रार आहे.

'इटॅलिक' म्हणजे सरळ टाइपाला बाजूने दिलेला धक्का, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. साफ चूक! व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुत्सियो याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने हा टाइप कोरला. १५०१ साली व्हर्जिलचे हातात मावणारे छोटेखानी पुस्तक सबंध त्याच टाइपात निघाले. टाइप बेतला होता तो त्या काळच्या विद्वानांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावर. म्हणजे तिरकेपणा आला तो वेगामुळे. उगाच ऐट म्हणून नव्हे. चांगले इटॅलिक नीट न्याहाळा. सरळ टाइपातला दुमजली 'ए' इथे एकमजली होतो, 'एफ' बहुधा ओळीखाली पाय सोडतो, टोके लेखणी उचलल्यासारखी निमुळती होतात. आल्दुसच्या पुस्तकात मोठी अक्षरे मात्र ताठच उभी होती. धाकट्यांनी पळावे आणि थोरल्यांनी दारात उभे राहून बघावे, तशी!

व्हेनिसने या टाइपाचा मक्ता आल्दुसला दिला, तरी फ्रान्समध्ये ल्यों शहरच्या मुद्रकांनी नक्कल केलीच. १५०३ साली आल्दुसने चिडून जाहीर पत्रक काढले आणि नकली पुस्तकांतल्या चुकाही दाखवून दिल्या. त्या बहाद्दरांनी तेवढ्या चुका दुरुस्त करून घेतल्या म्हणे! तरीही मला त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांनी निदान अक्षर कोरण्याचे कष्ट घेतले. आपण नुसते बटण दाबतो.

कॉम्प्युटरवर मराठी मजकूर घ्यायचा, बटण दाबायचे, की झाले इटॅलिक! शिरोरेघ असते तशीच आडवी राहते आणि खालचे सगळे काने एका अंगाला जातात. दोरीवरची धोतरे वाऱ्याने उडावीत तसे. 'ठ'चे गोल पोट चेपते ते वेगळेच. लग्नपत्रिकेवर 'श्रीकृपेकरून' असे कलंडलेले पाहिले, की कृपा नेमकी कुणीकडे वळते आहे, असा प्रश्न पडतो.

"पण मग जोर कसा द्यायचा?" असे विचारतात. अहो, मराठीत जोर द्यायला 'च' आहे की! पुस्तकाच्या नावाला अवतरणचिन्हे आहेत. अगदीच राहवले नाही तर ठळक टाइप आहे. आणि धावतेच अक्षर हवे असेल, तर आपल्याकडे मोडी होती. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता खाली मजकूर पळवायचा. त्या हातांकडे बघून कुणी देवनागरीचे धावते वळण घडवले, तर पहिले गिऱ्हाईक मी.

तोवर कृपा करा. ज्याला पळायचे नाही, त्याला ढकलू नका. सरळ अक्षर सरळच राहू द्या.