मर्जी आणि पाठबळ

वरिष्ठ पाठीशी उभे राहत नाहीत, ही तक्रार प्राध्यापकांच्या खोलीत नेहमीच ऐकू येते. प्रबंधासाठी रजा मिळत नाही, चर्चासत्राच्या अर्जावर सही होत नाही, अभ्यासक्रमात सुचवलेला बदल फायलीतच राहतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे साहेबांची मर्जी संपादन करणे. आमच्या मते हा उपाय मुळातच फसवा आहे. कुरुंदवाडला जन्मलेल्या एका गायकाचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म १८७२ सालचा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले. पुढे मिरज संस्थानाच्या आश्रयामुळे त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकता आले. म्हणजे मालक निष्ठुर नव्हता. परंतु एका समारंभाचे निमंत्रण शिष्याला आले आणि गुरूला आले नाही. विचारणा केली तेव्हा, ते काय, एक गवई, अशा आशयाचे उत्तर मिळाले, असे चरित्रकार सांगतात. १८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली.

मर्जी ही व्यक्तीवर असते, कामावर नसते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. आज जी आपल्यावर आहे ती आपल्याच गुरूवर नाही, आणि उद्या आपल्यावरही नसेल. म्हणून विष्णुबुवांनी दुसरा दयाळू राजा शोधला नाही. गाण्याची व्यवस्थाच बदलू पाहिली. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वरलेखन आणि क्रमिक पुस्तके सिद्ध केली. गायकाचे पोट एकाच माणसाच्या लहरीवर अवलंबून राहू नये, असा या साऱ्याचा अर्थ आम्ही लावतो.

येथे कोणी म्हणेल, सोडून जाणे सर्वांना कसे परवडावे? आक्षेप रास्त आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला स्वाभिमानाचा उपदेश करणे सोपे असते. स्वातंत्र्याची किंमत विष्णुबुवांनाही चुकली नाही. कर्जापायी मुंबईच्या विद्यालयाची इमारत १९२४ साली लिलावात गेली. पण राहूनही एक गोष्ट करता येते. जे हक्काचे आहे ते लेखी मागावे, कृपा म्हणून नव्हे. आणि आपले काम साहेबांच्या दालनाबाहेर उभे राहील असे करावे: लेख प्रसिद्ध व्हावा, टिपणे सहकाऱ्यांच्या हाती जावीत, विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग व्हावा. अशा कामाचे श्रेय नाकारता येते, अस्तित्व नाकारता येत नाही.

खरा प्रश्न मात्र आपण स्वतः विभागप्रमुख झाल्यावर उभा राहतो. विष्णुबुवांची शिस्त कडक होती. शिष्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने बांधून घेत. तरी त्याच विष्णुबुवांनी १९१६ साली लाहोर शाखेचे प्राचार्यपद विशीच्या आतबाहेरच्या ओंकारनाथ ठाकूरांच्या हाती दिले. पाठबळ म्हणतात ते हेच. त्यात गोड बोलणे असेलच असे नाही, जबाबदारी सोपवण्याचे धैर्य मात्र असावे लागते. आपल्यापैकी बरेच जण मर्जीचे बळी म्हणून सेवेत येतात आणि मर्जीचे दाते म्हणून निवृत्त होतात. साहेबांविषयीच्या तक्रारीला वजन यायचे असेल, तर आधी ही परंपरा आपल्या खुर्चीपाशी थांबली पाहिजे.