इतिहासाची तक्रार खूप झाली, आता इतिहासाला प्रवेश घ्या

१७ मार्च २०२५ ची रात्र नागपुरात कोणी विसरलेलं नाही. औरंगजेबाची कबर खुलताबादला, इथून रस्त्याने जवळपास पाचशे किलोमीटर दूर. बादशहा मेला १७०७ साली. पण दगड पडले महालात आणि हंसापुरीत. पोलीस जखमी झाले, गाड्या जळल्या, संचारबंदी लागली, पोरं तुरुंगात गेली, एका माणसाचा जीव गेला. त्यानंतर आपण वकील शोधले, जामिनासाठी पैसे गोळा केले, शांतता समितीच्या बैठकांना गेलो. हे सगळं करायलाच हवं होतं. पण ज्या विषयावरून शहर पेटलं, त्या विषयाचं काय करायचं, हे कोणी विचारलं नाही.

तो विषय म्हणजे इतिहास. आणि आपल्या समाजात त्या विषयाची किंमत काय आहे, हे दरवर्षी जूनमध्ये दिसतं. दहावीला चांगले गुण पडले की सायन्स. थोडे कमी पडले की कॉमर्स, आयटीआय, डी.फार्म. काहीच जमलं नाही की आर्ट्स, आणि आर्ट्समध्ये इतिहास, कारण ‘गाइड वाचून निघतो’. मुलीने इतिहासात एम.ए. करायचं म्हटलं तर घरचे हो म्हणतात, पण लग्न ठरेपर्यंत. मुलाने म्हटलं तर अब्बा विचारतात, ‘करके क्या करेगा?’

दुसरीकडे, इतिहासाबद्दल सगळ्यात जास्त बोलणारा समाज कोणता? आपलाच. २०१७ मध्ये राज्य मंडळाच्या सातवी-नववीच्या पुस्तकांतून मुघल जवळजवळ बाहेर गेले, तेव्हा आपण निवेदनं दिली. २०२३ मध्ये एनसीईआरटीने बारावीच्या पुस्तकातला मुघल दरबारांवरचा धडा काढला, तेव्हा पुन्हा निवेदनं दिली. सिनेमा आला की निषेध, भाषण झालं की निषेध. कलेक्टर कचेरीतला शिपाईसुद्धा आता आपलं निवेदन न वाचता कुठल्या फायलीत लावायचं ते सांगू शकेल.

बालभारतीचं इतिहासाचं कुठलंही पुस्तक घ्या आणि पहिली पानं उघडा. तिथे इतिहास विषय समितीची आणि अभ्यासगटाची नावं छापलेली असतात. ही माणसं आकाशातून पडत नाहीत. त्यातले बरेचसे शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत, वीस-पंचवीस वर्षं हा विषय शिकवलेले. अशा यादीत आपली नावं नाहीत म्हणून रागवायचा हक्क आपल्याला आहे. पण उद्या सरकारने खरोखर विचारलं, की मराठीत लिहू शकणारे, मध्ययुगाचा अभ्यास असलेले दहा शिक्षक द्या, तर विदर्भातून आपण किती नावं देऊ? भेदभाव आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या दारावर आपण कधी अर्जच केला नाही, तिथे नुसत्या भेदभावाचं कारण पुरत नाही.

शिवाय पुस्तक कोणीही लिहो, वर्गात ते शिक्षकच उघडतो. एका ओळीवर थांबायचं की तीस मिनिटं, आणि मागच्या बाकावरच्या फरहानकडे सगळा वर्ग वळून बघू लागला तर काय बोलायचं, हे त्याच्या हातात असतं. म्हणून इतिहासाचा चांगला शिक्षक फक्त उर्दू शाळेत असून चालणार नाही. तो जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत हवा, जिथे त्याच्यासमोर सगळ्यांची मुलं बसलेली असतात.

आता या शहराचाच इतिहास बघा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह गादीच्या भांडणात मदत मागायला औरंगजेबाकडे गेला, मुसलमान झाला आणि हे नाव घेऊन परतला. पुढे त्याच औरंगजेबाच्या मुलखावर त्याने स्वाऱ्या केल्या. १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं, ते याच माणसाने. त्याचा वारस चांद सुलतान. त्याच्यामागे राणीने वारसाच्या भांडणात रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं, आणि हळूहळू राज्य भोसल्यांच्या हाती गेलं. गोंड राजघराणं मात्र इथेच राहिलं.

हा माणूस कोणाच्या बाजूचा? आदिवासी की मुसलमान? औरंगजेबाचा की औरंगजेबाविरुद्धचा? मार्चमध्ये दोन्हीकडून ज्या घोषणा झाल्या, त्यातल्या एकीतही नागपूरचा संस्थापक बसत नाही. मोमीनपुऱ्यातल्या आणि महालातल्या मुलांना ही गोष्ट सारखीच माहीत असती, तर दंगल टळली असती असा दावा कोणी करू नये. पण पाचशे किलोमीटरवरची कबर आपल्या माथी मारणाऱ्याला उत्तर द्यायला घरचा पुरावा तरी हाताशी असता.

‘हे ठीक, पण पोट कसं भरायचं?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याला खोटं उत्तर द्यायचं नाही. शिक्षक भरतीचा रस्ता लांब आहे. बी.एड., टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, आणि जाहिरात येईपर्यंत वाट. लागल्यावर आधी शिक्षण सेवक, मानधन १६,००० ते २०,००० रुपये. कॉलेजात जायचं तर नेट किंवा सेट, आणि त्यानंतरही अनेकांच्या वाट्याला वर्षानुवर्षं तासिका तत्त्वच येतं. हे सगळं खरं आहे. पण आपल्या मोहल्ल्यात डिप्लोमा करून मोबाइलच्या दुकानात बसलेले इंजिनिअर किती आहेत, तेही मोजा. बेकारी सगळ्याच शाखांत आहे. मान मात्र एकाच शाखेला आहे.

आणि इतिहास म्हणजे फक्त मास्तरकी नव्हे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत ऐच्छिक विषय ५०० गुणांचा असतो आणि इतिहास तो विषय होऊ शकतो. टीईटीच्या दुसऱ्या पेपरात १५० पैकी ६० गुण सामाजिक शास्त्राला ठेवता येतात. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये घेऊन संशोधन करता येतं. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. केलं, तर जमिनीच्या आणि वक्फच्या दाव्यात जुना कागद वाचणारा वकील लाखात एक ठरतो. पत्रकारिता, संग्रहालय, पुरातत्त्व, दप्तरखाना या जागा वेगळ्याच.

दप्तरखान्याचा विषय निघालाच आहे, तर नागपूरकरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा दिल्लीत नाही, हैदराबादला नाही. ती नागपुरात आहे, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत. देशभरातल्या मशिदी, दर्गे, किल्ले, विहिरी यांवरच्या अरबी-फारसी लेखांचं वाचन तिथून होतं. झियाउद्दीन देसाईंसारख्या विद्वानाने त्या कामात हयात घालवली. राज्याच्या पुराभिलेखागाराचं कार्यालयही नागपुरात आहे, कारण हे शहर आधी मध्यप्रांत-वऱ्हाडची आणि नंतर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. ही दोन्ही कार्यालयं मोमीनपुऱ्यापासून ऑटोच्या अंतरावर आहेत. आपल्यातली किती पोरं त्यांची पायरी चढली?

जुने कागद वाचता येणं काय चीज आहे, हे २०२३ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, आणि कळलं की हजारो घरांचं आरक्षण मोडी आणि उर्दू कागदांत अडकलं आहे. वाचणारे शोधत फिरावं लागलं. आता आपलं पाहा. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने ‘वापराने वक्फ’ ही सोय पुढच्यासाठी काढून टाकली, आणि ‘उमीद’ पोर्टलवर मिळकतींचा तपशील चढवायला सहा महिन्यांची मुदत दिली. कायद्याविरुद्ध लढायचं ते लढूच. पण आजोबांच्या पेटीतल्या सनदेत काय लिहिलं आहे, हे वाचून सांगणारं माणूस मोहल्ल्यात नसेल, तर मोर्चातून घरी आल्यावर पोर्टलवर काय चढवणार?

इथे आपल्याजवळ एक गोष्ट अशी आहे, जी फार थोड्यांजवळ आहे. आपण मराठी बोलतो आणि आपल्यातले पुष्कळ जण उर्दू वाचतात. उर्दू लिपी येत असेल तर फारसीचा पहिला डोंगर पार झालेला असतो. मराठी येत असेल तर मोडी काही महिन्यांत येते. पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग वेळोवेळी घेतं. मराठी, मोडी, फारसी या तीन पायांवर दख्खनचा इतिहास उभा आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश करावा लागला, यावरूनच कारभाराच्या मराठीत फारसी किती मुरली होती ते कळतं. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली, म्हणून मराठी वाचकाला ती कळली. ते काम पुढे न्यायला आपल्याइतकं सोयीचं घर दुसरं कोणाचं नाही. आणि आपण त्या घराला कुलूप लावून बसलो आहोत.

शेवटचा मुद्दा आपल्याच बाजूच्या लोकांना टोचेल. इतिहास शिकायचा तो ‘आपल्या’ बादशहांची वकिली करायला नाही. फातिमा शेख यांचंच घ्या. ९ जानेवारीला आपण सगळे पोस्टर टाकतो. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने जाहीर केलं की हे पात्र आपणच रचलं, आणि आपली मुलं गोंधळली. वास्तविक १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात सावित्रीबाई जोतिबांना लिहिताना फातिमाचा उल्लेख करतात. एवढं एक पत्र पुढे केलं असतं तर पुरे होतं. पण आपल्याकडे पोस्टर पुष्कळ होते आणि ते पत्र वाचलेले थोडे. शिवाय ९ जानेवारी या जन्मतारखेला समकालीन कागद कोणता, असं विचारलं तर आपल्यालाही गप्प बसावं लागतं. जो विद्यार्थी शिवाजी महाराजांवरच्या फॉरवर्डला पुरावा मागतो, त्याने फातिमाबींच्या पोस्टरलाही मागितलाच पाहिजे.

हे आपल्याला परकं नाही. हदीस सांगणाऱ्याची सनद तपासल्याशिवाय ती न मानणाऱ्या परंपरेची आपण लेकरं आहोत. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने इतिहासकार का चुकतात याची कारणं मांडताना आपल्या गटाचा अभिमान हे कारण पहिल्या ओळीत ठेवलं. त्याचं नाव अभिमानाने घ्यायचं आणि त्याची शिस्त मात्र सोडून द्यायची, हे चालणार नाही.

तर मागणी साधी आहे. दरवर्षी सत्कार समारंभात डॉक्टर-इंजिनिअरांच्या रांगेत इतिहासाच्या एका एम.ए.लाही खुर्ची द्या. जकात आणि शिष्यवृत्तीच्या कमिट्यांनी दर साली निदान दोन मुलामुलींचा इतिहासाचा खर्च, बी.एड.पर्यंत, उचलावा, त्यात एक मुलगी असावी. जे आत्ता बारावीत आहेत त्यांनी नागपूर विद्यापीठाच्या प्रवेश अर्जात इतिहास शेवटचा पर्याय म्हणून भरू नये, पहिला भरावा. आणि त्याच वर्षी मोडी किंवा फारसी, दोन्हीतलं एक सुरू करावं. जे आत्ता शिकवत आहेत त्यांनी वर्गाला एकदा तरी सिव्हिल लाइन्सची ती इमारत दाखवून आणावी.

पुढचा सिनेमा येईल, पुढचं पुस्तक बदलेल, पुढचं निवेदनही द्यावं लागेल. ते लिहायला बसलेल्या चौघांत एक जण तरी असा असू द्या, ज्याने मूळ कागद वाचलेला आहे.