ढगांतला पूल

व्हिएतनाममध्ये दा नांगजवळच्या बा ना डोंगरावर फ्रेंचांनी १९१९ साली थंड हवेचं ठिकाण वसवलं, आपल्याकडे इंग्रजांनी माथेरान वसवलं तसंच. आज तिथे रोपवेने जातात. एक मार्ग तब्बल ५,८०१ मीटर लांबीचा आहे. वर मुलांसाठी खेळ आहेत, उतारावरून रुळांवर धावणारी छोटी गाडी आहे आणि दोन प्रचंड हातांनी पेललेला, २०१८ मध्ये खुला झालेला सोनेरी पूल आहे. हात जुन्या दगडाचे वाटतात, पण ते फायबरग्लासचे. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रोपवेतला वेळ : खाली घनदाट जंगल, समोर धुकं आणि आजी-नातू एकाच काचेला नाक लावून. या सुट्टीत गेलात, तर पुलावर मोबाइल काढण्याआधी मुलांना दरी डोळे भरून पाहू द्या.